सोरायसिस आणि हिरड्यांचे दुखणे
कोपरांवरील चट्ट्यांना बारा वर्षे मलम लावणाऱ्या मला, दात घासताना बेसिनमध्ये दिसणारे रक्त त्याच आजाराच्या गणगोतातले असेल, असे कधी वाटले नव्हते. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते; हिरड्यांच्या जुनाट आजारातही ती दातांवरील जिवाणूंच्या थराला अवाजवी प्रतिसाद देते आणि त्या भरात दातांना धरून ठेवणारे हाड झिजते. दोन्हींत दाह वाढवणारी काही प्रथिने समान आहेत. सोरायसिस असलेल्यांत हिरड्यांचा आजार अधिक आढळतो, मात्र एकामुळेच दुसरा होतो असे म्हणता येत नाही. सोरायसिसवरचे मेथोट्रेक्सेट हे औषध घेणाऱ्यांनी तोंडातील फोड 'उष्णतेचे' समजून ज्येष्ठमध चघळत बसू नये. ते या औषधाचा दुष्परिणाम असू शकतात; त्वचारोगतज्ज्ञांना लगेच कळवावे.

आमच्या सोलापुरात, विशेषतः विडी वळणाऱ्या घरांत, अनेकींची सकाळ मिश्रीने, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने दात घासून, सुरू होते. तिने हिरड्या घट्ट होतात, अशी माझ्या आईचीही समजूत होती. प्रत्यक्षात तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त येणे कमी होते आणि आत वाढणारा आजार झाकला जातो. शिवाय धूम्रपानाने सोरायसिसही बळावतो.

दंतवैद्यांनी हिरड्यांखालचे कीटण काढल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी कडक भाकरी, शेंगाचटणीसोबत, आमटीत न भिजवता खाल्ली.