तारेची विभक्ती

जुन्या मराठी वृत्तपत्रांचे अंक चाळताना थोर घटनांपेक्षा एखादा साधा शब्दच माझे लक्ष अधिक वेधून घेतो, आणि गेले काही दिवस तो शब्द ‘तार’ हा आहे. संगणकावर त्याचा शोध घेण्याचा प्रयत्न मी करून पाहिला. परंतु ‘अवतार’, ‘विस्तार’, ‘तारीख’ आणि ‘तारतम्य’ ही सारी मंडळी आमंत्रणाशिवाय पंगतीला येऊन बसल्यामुळे शेवटी पाने डोळ्यांनीच वाचणे भाग पडले.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा तार असे ती वाद्याची किंवा सोनाराच्या जंतरीतून ओढलेली. बातमीशी तिचा काहीही संबंध नव्हता. विलायतेची बातमी जहाजाने यायची, तिला कित्येक महिने लागायचे, आणि ती शिळी आहे असे म्हणण्याचे कारण कोणालाच नव्हते, कारण तिच्याहून ताजी बातमी अस्तित्वातच नव्हती. फेब्रुवारी १८५५ मध्ये तारायंत्र सर्वसामान्यांसाठी खुले झाले, १८७० मध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तोवर बातमी आणि तार यांचे नाते पक्के झाले होते.

या नात्याचा प्रवास मला व्याकरणात दिसतो. सुरुवातीला तार तृतीया विभक्तीत उभी असते: बातमी ‘तारेने’ कळते. ती केवळ साधन आहे, जसे जहाज किंवा टपाल. मग तीच प्रथमेत येऊन कर्त्याची जागा घेते: ‘तार आली’, ‘तार असे म्हणते’. धातूच्या तंतूला जणू वाचा फुटते, आणि अमुक मजकूर तारेने आला आहे एवढे सांगितले की तो खरा असल्याची ग्वाहीही आपोआप मिळते. वस्तुतः तारेत एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी अर्थाचा अनर्थ होई. तरीही ऐकीव बातमीला ‘म्हणे’ची शेपटी जोडणारा संपादक तारेपुढे मात्र ती जोडायला कचरत असावा, असे मला वाटते.

त्या संपादकाची मला थोडी कीवही येते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे क्रियापदे आणि अव्यये पाठवणाऱ्यानेच गाळलेली असत. त्यात परदेशची तार यायची ती इंग्रजीत. त्या सात-आठ सुट्या शब्दांची हाडे घेऊन त्यांवर मराठी वाक्याचे मांस चढवायचे, कोणी कोणाला हरवले याचा अंदाज बांधायचा आणि तो अंदाज आहे हे वाचकाला कळू द्यायचे नाही, ही कामगिरी अंक छापायला जाण्यापूर्वी पार पाडायची असे. छापील परिच्छेद मात्र असा ऐसपैस दिसतो की, त्यामागची काटकसर कोणाच्या ध्यानातही येऊ नये.

याच शब्दाची दुसरी बाजू वृत्तपत्रात फारशी दिसत नाही. पानावरची तार वाचक उत्सुकतेने वाची. दारात आलेली तार मात्र उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, कारण लग्नाच्या शुभेच्छाही तारेनेच येत असल्या तरी मनात पहिला विचार मरणाचाच येई.

पुढे तारेविना संदेश जाऊ लागले, तेव्हाही मराठीने तिला सोडले नाही. ‘बिनतारी’ म्हणून तिच्या अभावालाच नाव दिले. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. तरी आजच्या वर्तमानपत्रांत हा शब्द वारंवार भेटतो. अंदाजपत्रक आले की अर्थमंत्र्यांची ‘तारेवरची कसरत’ मथळ्यात येते, आणि निवडणुका जवळ आल्या की दोन पक्षांच्या ‘तारा जुळतात’. हे मथळे देणाऱ्या उपसंपादकाने कदाचित तारेचा कागद कधी हातातही घेतलेला नसेल, आणि त्याची गरजही नाही. कारण कसरतीची तार डोंबाऱ्याची आहे, जुळणाऱ्या तारा वाद्याच्या आहेत, आणि या दोन्ही ‘दर्पण’च्या वाचकालाही सहज ओळखता आल्या असत्या.