अर्ध्या पिकोफॅरडचा घोळ: प्रकाशावर डेटा पकडणारा रिसीव्हर बांधताना

खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशावर सेकंदाला ५० मेगाबिट पाठवायचे होते. लेझर, लेन्स, स्टँड झटपट जमलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते रिसीव्हरच्या अँप्लिफायरपाशी. अजून आठवलं की चिडचिड होते, कारण उत्तर अँप्लिफायरच्या डेटाशीटमध्येच (कंपनीच्या माहितीपत्रकात) होतं.

आधी फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडला की करंट देणारा डायोड. सगळ्यात वेगवान घ्यायचा मोह होतो. फायबरमध्ये ते चालतं, तिथे प्रकाश काही मायक्रॉनच्या ठिपक्यात हातात येतो. हवेत तसं नाही. २० मिमी फोकल लांबीच्या लेन्समागे ०.२ मिमीचा डायोड ठेवला तर त्याला जेमतेम अर्धा अंश दिसतो. टेबलाला कोपर लागलं की लिंक गेली. १.२ मिमीच्या डायोडला साधारण ३.४ अंश दिसतात. पण क्षेत्रफळ वाढलं की कपॅसिटन्स (चार्ज साठवून ठेवायची क्षमता) वाढतो आणि वेग पडतो. मधला मार्ग म्हणून एस५९७१ घेतला: व्यास १.२ मिमी, १० व्होल्ट रिव्हर्स बायसला (डायोडला दिलेल्या उलट्या व्होल्टेजला) ३ पिकोफॅरड आणि १०० मेगाहर्ट्झ. पुढे डायोडच्या करंटचा व्होल्टेज करणारा अँप्लिफायर ओपीए६५७, आणि त्याच्या आउटपुटपासून इनपुटला परत जोडलेला, म्हणजे फीडबॅकचा, १० किलोओहमचा रेझिस्टर.

इथून पुढे माझे दिवस गेले. इनपुटवरचा एकूण कपॅसिटन्स मोजा: डायोडचे ३, अँप्लिफायरचे स्वतःचे ५.२, बोर्डाचे पाऊण-एक. झाले ९ पिकोफॅरड. १० किलोओहम आणि हे ९ पिकोफॅरड मिळून १.८ मेगाहर्ट्झपासूनच फीडबॅकची फेज मागे पडायला लागते. ओपीए६५७ चा गेन-बँडविड्थ गुणाकार (गेन गुणिले तो मिळतो ती फ्रिक्वेन्सी) १.६ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे फीडबॅकच्या लूपचा गेन ५३ मेगाहर्ट्झच्या आसपास एकवर येतो आणि तिथे फेजला काहीच वाव उरत नाही, अँप्लिफायर ऑसिलेशनच्या काठावर येतो. स्कोपवर प्रत्येक पल्सच्या मागे ५० मेगाहर्ट्झची झालर दिसत होती, ती हीच.

उपाय पुस्तकी आहे, फीडबॅक रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर. ड्रॉवरमध्ये सगळ्यात लहान २.२ पिकोफॅरडचा होता, तो लावला. झालर गेली, मी खूश. मग लक्षात आलं की बँडविड्थ ७ मेगाहर्ट्झवर आली आहे, आणि रेघ संशयास्पद जाड दिसते आहे. बोर्डाजवळ बोट नेलं की आउटपुटचा डीसी सरकायचा. हे लक्षण ओळखायला शिका: अँप्लिफायर तुमच्या स्कोपला दिसत नाही अशा फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होत असतो. माझा स्कोप १०० मेगाहर्ट्झचा. १ गिगाहर्ट्झचा उसना आणला तेव्हा ३०० मेगाहर्ट्झच्या वर स्वच्छ साइन वेव्ह दिसली.

कारण असं की ओपीए६५७ हा ७ पेक्षा कमी गेनला स्थिर राहत नाही. स्थिरतेसाठी जो गेन मोजायचा त्याला नॉइज गेन म्हणतात; वरच्या फ्रिक्वेन्सीला तो म्हणजे १ अधिक (इनपुटचा कपॅसिटन्स भागिले फीडबॅकचा). ९ भागिले २.२, अधिक १: पाचच. म्हणजे कपॅसिटर कमी पडला तरी ऑसिलेशन, जास्त झाला तरी ऑसिलेशन. हिशेबाने हवा होता ०.४२ पिकोफॅरड. १ पिकोफॅरडचे दोन सी०जी (तापमानाने किंमत न बदलणारे सिरॅमिक) कपॅसिटर सिरीजमध्ये उभे केले, ०.५ झाला, नॉइज गेन १९, आणि सगळं शांत. इतके दिवस अर्ध्या पिकोफॅरडसाठी!

एवढ्याशा कपॅसिटन्सचा हिशेब बोर्डसुद्धा बिघडवतो. चार लेअरच्या बोर्डात वरच्या तांब्यापासून ग्राउंड ०.२ मिमीवर असतं, तिथे दर चौरस मिमीला जवळपास ०.२ पिकोफॅरड येतो. इनव्हर्टिंग पिनच्या (डायोड आणि फीडबॅक जिथे जोडतात त्या इनपुटच्या) आणि फीडबॅकच्या पॅडखालचं ग्राउंड सगळ्या लेअरमधून कापून टाका. मी ते दुसऱ्या बोर्डात केलं, पहिल्यात करायला हवं होतं. आणि त्या पिनवर प्रोब लावून बघायच्या भानगडीत पडू नका. १०एक्स प्रोबसुद्धा दहा-पंधरा पिकोफॅरड घालतो, मग तुम्ही वेगळंच सर्किट मोजत असता. आउटपुटला सिरीजमध्ये ५० ओहम, तिथून कोॲक्स, स्कोपला ५० ओहम टर्मिनेशन.

बायसचं सांगायचं राहिलं. ३ व्होल्टवर पल्सची शेपटी लांबत होती. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये १८-२० मायक्रॉन खोल जातो. डिप्लीशन (बायसमुळे तयार होणारा विद्युतक्षेत्राचा थर) तिथवर पोचलं नसेल तर खालचे कॅरियर (प्रकाशाने सुटे झालेले चार्ज) डिफ्यूजनने रमतगमत येतात. १० व्होल्ट दिल्यावर शेपटी गेली. बायसच्या वाटेत १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घाला, नाहीतर सप्लायचा आवाज थेट आउटपुटवर येतो.

चाचणीला आयआर एलईडी वापरू नका, बहुतेक एलईडी स्वतःच रिसीव्हरइतके किंवा त्याहून मंद असतात. व्हीसीएसईएल (चिपच्या पृष्ठभागातून प्रकाश सोडणारा छोटा लेझर) वापरा, आणि तो डोळ्याला दिसत नाही म्हणून समोरून डोकावू नका. माझा राइज टाइम (पल्स १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर चढायचा वेळ) स्कोपवर ७.५ नॅनोसेकंद आला. त्यात स्कोपचे स्वतःचे ३.५ आहेत, वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ घेतलं की ६.६ उरतात, म्हणजे बरोब्बर ५३ मेगाहर्ट्झ. ५० मेगाबिटला ३५ मेगाहर्ट्झ पुरले असते.

ऊन मात्र लेन्स न लावताही नडतं. डायोडवर थेट ऊन पडलं तर १ मिलिवॉटच्या वर प्रकाश, ०.४ मिलिॲम्पच्या आसपास करंट, १० किलोओहमवर ४ व्होल्ट. ±५ व्होल्टवरचा अँप्लिफायर तिथेच सॅच्युरेट. ४० नॅनोमीटर रुंदीचा बँडपास फिल्टर लावला की सुटतं, पण तो लेन्स आणि डायोडच्या मध्ये लावणार असाल तर कोन बघा. इफेक्टिव्ह इंडेक्स (फिल्टरच्या थरांचा सरासरी अपवर्तनांक) २ असलेल्या फिल्टरवर ३० अंशांनी आलेल्या प्रकाशासाठी ८५० चा मध्य ८२३ वर सरकतो, आणि मग तुमचाच सिग्नल फिल्टरबाहेर उभा राहतो.