भाषेच्या माथी मारलेला दोष

खानापूर तालुक्यातील 9 वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा माझ्या बेळगावच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या वह्या चाळून मी काढलेला निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. तिसरीपर्यंत मराठी शाळा आणि चौथीत एकदम कन्नड माध्यम. वर्गात खिडकीबाहेर पाहत बसते, फळ्यावरचे अर्धेच उतरवून घेते, पुस्तके हरवते, अशी शाळेची तक्रार होती. आमच्या सीमाभागात असे मूल समोर आले की कारण जणू आधीच तयार असते. ‘भाषेची अडचण, 6 महिने वाट पाहू’ असे मी केसपेपरवर लिहिले आणि वडिलांनाही ते पटले.

पुढच्या खेपेस आज्जीही आली. मी पुन्हा कन्नडचाच विषय काढला, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या आज्जी म्हणाल्या, “डॉक्टर, कन्नड तर हिच्या भावालाबी येत न्हवतं. त्यो त्याच वर्षी त्याच शाळेत गेला, आता घडाघडा बोलतोय. हिला मराठीत सांगितलेलंबी ध्यानात ऱ्हात न्हाई.” दुधाकडे बघ म्हणून चुलीपुढे बसवले तर ते हिच्या डोळ्यांदेखत उतू जाते, दुकानातून तीन जिन्नस सांगितले तर एक येतो आणि पिशवी तिथेच राहते. वडिलांनी बरोबर आणलेल्या कागदांत मराठी शाळेची प्रगतिपुस्तके होती, जी मी पूर्वी मागितलीच नव्हती. पहिलीच्या शेऱ्यात स्वच्छ लिहिले होते : ‘हुशार आहे, परंतु लक्ष नसते.’

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. त्याच्या निदानासाठी लक्षणे वयाच्या 12 व्या वर्षाआधी सुरू झालेली, कमीत कमी 6 महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. अडचण नुसती भाषेची असती, तर ती कन्नड वर्गाच्या दाराशीच थांबली असती, चुलीपर्यंत पोहोचली नसती.

वडिलांना मात्र हे मान्य होईना. मुलगी कधी धावपळ करत नाही, उलट मोबाईलसमोर दोन तास हलत नाही, मग हा आजार कसा? (मोबाईलचा हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो.) या विकाराच्या एका प्रकारात चंचलता जवळजवळ नसते, केवळ अवधान टिकत नाही, अशी मुले, विशेषतः मुली, कोणाला त्रास देत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे नजरेतून सुटतात. मोबाईल क्षणाक्षणाला नवे काही पुढे करून लक्ष धरून ठेवतो. कंटाळवाण्या कामाकडे ते स्वतः वळवणे आणि तिथे टिकवणे या मुलांना जमत नाही. आईच्या लाडाने हे होत नाही, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, असे मी सांगितले, तेव्हा आज्जींनी आपल्या मुलाकडे एकदा नीट पाहिले.

औषधाने व्यसन लागेल ही भीतीही निघाली. देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने तसे होत नाही. भूक, झोप आणि वजन यांवर मात्र लक्ष ठेवावे लागते. तो निर्णय मी पुढे ढकलला, कारण आधी कान, डोळे आणि क्षणभर भान हरपणारी फिट यांची शहानिशा व्हायची होती. पहिल्या बाकावर बसवणे आणि एका वेळी एकच सूचना देणे एवढे लगेच सुरू करता येणार होते.

दोन्ही शाळांच्या शिक्षकांकडून प्रश्नावल्या भरून हव्या होत्या, एक कन्नडमध्ये आणि एक मराठीत. त्या वडिलांच्या हाती देत असताना आज्जींनी विचारले, “आनी माझी?” त्यांची प्रश्नावली मी समोर बसवून, एकेक प्रश्न वाचून दाखवत भरून घेतली.