लासलगाव ते वाशी, कांद्याच्या मागे मागे (जाणाऱ्यांसाठी माहितीसकट)

आमच्या सोसायटीत थेट शेतकऱ्याकडून कांदा घ्यायचं चाललंय, म्हणून म्हटलं आधी कांदा शेतातून आपल्यापर्यंत येतो कसा ते स्वतः बघून यावं. अजून कोणाच्या सोसायटीत किंवा बचत गटात असा विचार चालू असेल तर नक्की जा, आणि जाताना हे वाचून जा.

लासलगावला रेल्वे स्टेशन आहे, मुंबई-भुसावळ लाईनवर, नाशिकच्या पुढे मनमाडच्या अलीकडे. गाडीने गेलात तर नाशिकहून साधारण 60 किमी. निघायच्या आधी बाजार समितीत फोन करून लिलाव चालू आहेत का ते विचारा, सुट्टी असली की सगळं आवार रिकामं असतं. आणि सकाळीच पोचा. ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात, व्यापारी रांगेतून चालत जातात, मूठभर कांदे हातात घेऊन बघतात, बोली सुरू होते आणि मिनिटभरात माल विकलेला असतो. चार-पाच महिन्यांचं पीक आणि एक मिनिट, बघताना खरंच पोटात गलबलतं. मग भुईकाट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, तिथे बायका बसून निवड करतात, मोठा वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड कांदा वेगळा. लोक कामात असतात, मधे उभे राहू नका आणि फोटो विचारूनच काढा.

पण मार्केटपेक्षा जास्त वेळ कांदा चाळीला, म्हणजे शेतकरी कांदा साठवतो त्या हवेशीर शेडला द्या असं मी म्हणेन, कारण दलाल हटवा म्हणजे झालं हे जे आपण शहरात बसून बोलतो ते अर्धवट आहे, मोठं नुकसान चाळीतच होतं. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तोच पुरवायचा असतो, त्यात वजन घटतं, पावसाळ्यात सड लागते, नंतर कोंब येतात. साधा हिशोब करा, 15 रुपये किलोने विकता आला असता असा 100 किलो कांदा ठेवला आणि 30 किलो गेला, तर उरलेला 70 किलो साडेएकवीसला विकला तेव्हा कुठे शेतकरी मुद्दलावर येतो, मजुरी-व्याज वेगळंच. चाळीत बघायचं काय तर तळ जमिनीपासून उचललेला आहे का, खालून हवा जाते का, ढीग पाच फुटांच्या वर तर नाही ना. आणि शेतकऱ्याला विचारा की काढणीआधी पाणी कधी तोडलं, पात कापताना कांद्यावर मान (देठ) किती ठेवली, सावलीत किती दिवस सुकवला. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र पण आहे, विकिरणाने म्हणजे कांद्यावर किरण सोडल्याने कोंब थांबतात, पण सड थांबत नाही, म्हणजे नीट सुकवणं आलंच.

चाळीवर सगळ्यात जास्त बोलणं निघालं ते निर्यातबंदीचं. डिसेंबर 2023 ते मे 2024 बंदी होती, ती जखम अजून ओली आहे. तिथे जाऊन "कांदा महाग झाला" असं बोलू नका प्लीज.

वाशीचं कांदा-बटाटा मार्केट पहाटे बघा, सानपाडा स्टेशनवरून रिक्षा करा. इथे गोणी माथाडी कामगारांच्या पाठीवरून उतरते, आडत्याच्या (कमिशनवर माल विकून देणाऱ्याच्या) गाळ्यावर लागते, मग किरकोळवाले नेतात. गाडीभाडं, बारदान (गोण्या), हमाली, आडत (आडत्याचं कमिशन), किरकोळवाल्याकडे परत निवड आणि घट, प्रत्येक टप्प्यावर काम आहे आणि खर्च आहे, त्यामुळे थेट घेणार असाल तर ही कामं आपल्याला करावी लागतील हे आधी ठरवा.

आमचं ठरतंय ते असं, मे मध्येच सगळा कांदा स्वस्तात उचलायचा नाही कारण फ्लॅटमध्ये तो टिकत नाही, दर महिन्याला चाळीतून लागेल तेवढाच आणायचा, आणि भाव आधीच बोलून ठेवायचा, जूनला कमी, सप्टेंबरला जास्त, घट धरून. गोल्टीसकट घ्यायचा, भाजीत काय फरक पडतो. आणि पैसे माल उचलतानाच द्यायचे, उधारी अजिबात नाही.