कापलेली तार

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून फोन आला तेव्हा समोरच्या काकांनी एवढंच सांगितलं, "आगरातलं इंजिन जाम आहे. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे, पण आई देऊ देत नाही. एकदा बघून जा."

इंजिन लिस्टर पद्धतीचं, म्हणजे एका सिलिंडरचं जुनं संथ डिझेल इंजिन निघालं. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, दोन्ही अंगांना सुमारे दोन फूट व्यासाची बिडाची चाकं, वजन ३०० किलोच्या वर. मूळ इंजिन इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं, १९३०च्या सुमाराचं. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला इतक्या काढल्या, की आपल्याकडच्या विहिरींवर बहुतेक राजकोटचंच दिसतं. हेही तिथलंच. रहाट बंद झाल्यावर आगरातल्या माड-पोफळींच्या शिंपण्यासाठी घेतलेलं, आणि विजेचा पंप आल्यावर विहिरीच्या कडेला छपराखाली ठेवून दिलेलं.

छप्पर आता नव्हतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा एक माड छपरावर आडवा झाला आणि त्यात सायलेन्सरचा उभा पाईपही मोडून पडला. त्यानंतरचे पावसाळे इंजिनाने उघड्यावर काढले.

मी जाण्याआधी गावातल्या दोघांनी चाकाच्या आऱ्यांत पहार घालून, वर उभं राहून जोर लावला होता. याची मला मनापासून चीड आहे. बीड वाकत नाही, सरळ तडकतं. गंज सुटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ द्यायची कुणाची तयारी नसते. मी हातोडीने एकेका आऱ्यावर हलकेच टिचकी मारत गेलो. चार आरे खणखणीत वाजले, पाचव्याचा आवाज बद्द आला. पुसून रॉकेल लावलं, खडू घासला. केसाएवढी रेघ उमटली. असलं चाक ६५० फेऱ्यांवर फिरवायचं म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ. चाक बाद. इंजिनाला काही झालेलं नसताना केवळ घाईपायी गेलेला हा भाग, आणि पुढे सगळ्यात जास्त वणवण त्याच्यासाठीच झाली. तसंच चाक शेवटी दुसऱ्या एका आगरातल्या मोडक्या इंजिनाचं मिळालं.

हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण उतरवलं. पिस्टन मध्यावर अडकलेला, त्याच्या डोक्यावर लाल चिखल, आणि वरच्या भिंतीवर गंजाचे फोड. पण खालचं दार उघडून आत बॅटरी मारली तर मी बघतच राहिलो. आत गंजाचा ठिपका नाही. क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला, आणि बेअरिंगांना ग्रीस थापलेलं, बोटाने पुसलं तर खालचं लोखंड चकचकीत. सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारे फ्युएल पंप आणि नोझल जागेवर नव्हते. काकांच्या आईंनी, आजींनी, ते घरातून आणून दिले, तेलात भिजवलेल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. पंपाचा प्लंजर बोटाने दाबला तर मऊ चालला.

"आमच्या गड्याने बांधून ठेवलंय," आजी म्हणाल्या. "जाताना मला सांगून गेला, वहिनी, हे कुणाला देऊ नका, परत लागेल." तो माणूस आता हयात नाही.

खालून पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारे बिग एंडचे बोल्ट सोडले आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, पिस्टनसकट वर उचलून घेतला. पिस्टन जुन्या धर्तीचा, बिडाचाच होता. ॲल्युमिनियमचा असता तर उष्णतेने ब्लॉकपेक्षा जास्त फुगून आणखी घट्ट बसला असता. वरून डिझेल आणि रॉकेल ओतून ब्लॉक तसाच ठेवला. रोज थोडं झिरपायचं, रोज भर घालायची. मग एका सकाळी न्हाणीतला बंब पेटवून उकळतं पाणी ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्यात ओतलं. बाहेरची भिंत आधी तापते, आधी फुगते, आतला पिस्टन मागे राहतो. त्या थोड्या वेळातच ठोकायचं असतं. ऐनाच्या लाकडाचा गोल ठोकळा पिस्टनवर ठेवला आणि खालच्या बाजूला, म्हणजे स्वच्छ भिंतीच्या दिशेने, बेताचे ठोके देत गेलो. दोन वेळा पाणी बदललं. मग ठोक्याचा आवाज बदलला. आधी घट्ट होता, आता किंचित मोकळा. तो आवाज आला की माझ्या पोटातली ओढ सुटते. पिस्टन खाली सरकला. वरच्या दोन रिंगा तुकड्यांनी निघाल्या, पण पिस्टन शाबूत.

ब्लॉक कोल्हापूरला पाठवून सिलिंडरच्या आतलं अस्तर, म्हणजे नवी स्लीव्ह बसवून घेतली. रत्नागिरीच्या एका दुकानदाराने मला तोंडावर सांगितलं, कशाला हे उद्योग, विजेवरचा मोनोब्लॉक पंप घ्या. वादळानंतर इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा मोनोब्लॉक कशावर चालवायचा होता, हे त्याने सांगितलं नाही.

पण मी लिहायला बसलो ते तारेमुळे.

बाद चाक उतरवताना एका आऱ्याला जाड तारेचा पीळ दिसला, टोक पक्कडीने कापलेलं. पायाच्या बोल्टला तसाच दुसरा पीळ, तेही टोक कापलेलं. दोन टोकांमध्ये जवळजवळ पाव फेऱ्याचं अंतर. ब्लॉक निघालेला असल्यामुळे क्रँक हाताने सहज फिरत होता. मी दोन्ही टोकं समोरासमोर येईपर्यंत चाक मागे फिरवलं. क्रँक नेमका वर आला, आणि कॅम बघितला तर दोन्ही टॅपेट, म्हणजे व्हॉल्व उघडणारे दट्टे, खाली. म्हणजे काँप्रेशनचा, हवा दाबण्याचा, शेवट, दोन्ही व्हॉल्व बंद. त्या गड्याने इंजिन तिथे आणून, कुणी हलवू नये म्हणून तारेने बांधलं होतं. सायलेन्सरमधून पाणी आलं असतं तरी ते बंद व्हॉल्ववर अडलं असतं.

म्हणजे तार कापली तेव्हा इंजिन जाम नव्हतं. ते फिरलं, पुढच्या कुठल्यातरी एक्झॉस्टच्या, धूर बाहेर जाण्याच्या, फेऱ्यात येऊन, एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा असताना थांबलं, आणि वरचा पाईप मोडलेला. कोकणचा पाऊस थेट पिस्टनवर. इतकी वर्षं टिकलेलं यंत्र दोनेक पावसाळ्यांत धरलं.

मी काकांना तार दाखवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वादळानंतर विहिरीवर काय धडपड चालली होती, तुम्हाला कल्पना नाही. उरलेल्या पोफळींना पाणी हवं होतं, वीज नव्हती. कुणीतरी हॅण्डल मारून बघितलं असणार. आमच्यातलंच."

मी पुढे विचारलं नाही. पंप आणि नोझल घरात, इंजिनावर नाहीत, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. ते गड्याने फक्त आजींना सांगितलं होतं, आणि त्या गडबडीत आजींना कुणी विचारलं नाही. त्या दिवशी दहा मिनिटांत इंजिन सुरू होऊन बागेला पाणी मिळालं असतं. अजूनही रात्री झोप येईपर्यंत माझं डोकं याच्याभोवती फिरत राहतं.

इंजिन सुरू झालं तेव्हा पाटाला पाणी लागलं आणि आजी अंगणातून खुर्ची घेऊन विहिरीवर आल्या. काकांनी मात्र एकच गोष्ट विचारली, "बंद केल्यावर कुठे थांबवायचं?" मी इंजिन बंद केलं, व्हॉल्व बंद होऊन दाब लागावा म्हणून डिकाँप्रेशनचा खटका खाली पाडला आणि चाक त्यांच्या हातात दिलं. दाब लागेपर्यंत हळूहळू फिरवा म्हटलं. पहिल्यांदा ते पुढे निघून गेले. पुन्हा फिरवलं, पुन्हा गेले. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो. शेवटी चाकाने त्यांच्या हाताला मागे रेटा दिला, तिथे त्यांनी ते धरून ठेवलं आणि म्हणाले, "कळलं. तार आणा."