तुम्ही विचारलंत म्हणून: चिमूरवर नाटक काऊन नाही?

मंडईची जत्रा असो, शंकरपटाची बैलशर्यत असो, नाहीतर वडस्याला चहाच्या टपरीवर पाच मिनिटं थांबलेलो असो, कोणीतरी विचारतंच. "सर, तुमी इंग्रजायशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेंवर नाटक लिवलं, बेचाळीसच्या आंदोलनातलं चिमूर तं आपल्या घराजवळचं, त्याच्यावर काऊन लिवत नाई?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशय असतो, की याला कोणी मना केलं का, की हा भितो. एकदाच सांगून टाकतो.

लिहिलंय. अर्धं लिहिलंय. पहिला अंक पूर्ण आहे, वही ट्रंकेत आहे.

झालं असं की तो अंक घेऊन मी एका निर्मात्याकडे वाचायला गेलो. नाव नाही सांगत, माणूस चांगला आहे, माझे पैसे त्यानं कधी बुडवले नाहीत आणि झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या धंद्यात, हे लहान सर्टिफिकेट नाही. वाचन संपलं, तो बाहेर जाऊन खर्रा थुंकून आला आणि म्हणाला, "सर, सप्पा बराबर हाये, पन गोरा कुठी हाये?"

म्हटलं पहिल्या अंकात गोरा नाहीच. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव आधीच तापलेलं, मिरवणूक निघते, गोळी चालते, बालाजी रायपूरकर जातो आणि मग जमाव कोणाचं ऐकत नाही. जमावानं मारले कोण? एसडीएम, म्हणजे उपविभागीय अधिकारी, डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध, आणि एक शिपाई. त्याच दिवशी तिकडे वर्धा जिल्ह्यात आष्टीच्या ठाण्यावर पण पोलीस मेले ते आपलेच. मारणारे आपले, मरणारे आपले, हुकूम फक्त लंडनच्या राजाच्या नावाचा, अरे हेच तर नाटक आहे ना!

तो म्हणाला, "मंग पब्लिक शिव्या कोनाले देईन?"

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात तोच मदतीला धावला. डुंगाजीला गोरा करून टाका, नाव बदला, हॅट घाला. आणि १९ तारखेला लष्कर येतं ना, तिथं बायकांचा सीन टाका, लाल लाइट, ऑर्गनवर करुण सूर, पडदा. "पब्लिक रडंन सर." त्याच्या डोळ्यात खरंच पाणी होतं, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला नालायक समजाल.

आता असल्या सीनचं आमच्या स्टेजवर काय होतं ते मला माहीत आहे. एका नाटकात, माझं नव्हतं, मी फक्त प्रॉम्प्टिंगला होतो, साहेब बाईचा पदर ओढतो तिथं पुढून शिट्टी आली. एकच, पण मंडपभर ऐकू गेली. ती नटी आत आली, मला म्हणाली, "दादा, उद्यापासून हे अंधारात घ्या, मी नुसता आवाज देते," आणि तोंडात पिना धरून पुढच्या प्रवेशाचं लुगडं नेसायला लागली. पाच मिनिटांत तिला परत बाहेर जायचं होतं.

चिमूरच्या बायकांनी, पुरुष पकडून नेलेले असताना सैनिकांनी घरात शिरून आपल्यावर काय केलं ते नागपूरहून आलेल्या डॉ. मुंजेंना आणि बायकांच्या शिष्टमंडळाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. १९४२ साली, खेड्यातल्या बायकांनी. सरकारनं चौकशीच नाकारली. आणि मी त्यांना लाल लाइटखाली उभं करू, शिट्टी यायला? वही उचलली आणि एसटी धरली.

याचा अर्थ मी गोऱ्या साहेबाच्या विरोधात आहे असं नाही हं. जवानीत तो मीच असायचो. तोंडाला सफेदा, डोक्यावर विग, "टुम काला आडमी" सुरू केलं की पहिल्या रांगेतून मायबहिणीवरून शिव्या, आणि मी मनातून खूश. तो पोरगा आज मला म्हणेल, शहाणपणा करू नको, धान कापून आलेला माणूस तिकीट काढून रात्रभर थंडीत बसतो, त्याला मनसोक्त राग करायला एक माणूस पाहिजे, तुझा सोनवणे नको. खोटं नाही ते. मोठ्या बजेटचे पिक्चरवाले पण तेच करतात, एक राक्षस गोरा, हातात चाबूक, हिरोनं त्याला आपटला की साम्राज्य संपलं, चला घरी.

पण मग चिमूरसाठी उपास धरणाऱ्या भन्साळींच्या, पिक्चरवाले नव्हे, गांधीजींच्या आश्रमातले, त्यांच्या गोष्टीत आपटायचा कोणाला? सेवाग्रामचे हे भन्साळी, चिमूरची चौकशी करा हे सांगायला कुठं गेले तर दिल्लीत बापूजी अण्यांच्या घरी, कारण अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते. आपले वणीचे अणे, १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रहात गवत कापून जेलात गेलेले! ते चिमूरला आले नाहीत. भन्साळींनी उपास धरला, ६३ दिवस, १२ जानेवारी १९४३ पर्यंत. त्याची बातमी छापायला बंदी, म्हणून पेपरवाल्यांनी एक दिवस पेपरच काढले नाहीत. पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या उपासावरून, अण्यांनी कौन्सिल सोडलं. या सगळ्यात चाबूक कुठंच नाही, टेबल आहे आणि सही आहे. हे रात्री दोन वाजता ब्रह्मपुरीच्या मंडपात कसं उभं करायचं हे मला जमलेलं नाही, आणि जमलं असतं तर कोणी बुक केलं असतं का, माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, छापू नका म्हणणारं सरकार आणि वही ट्रंकेत ठेवणारा तू, फरक काय? हे मी पण स्वतःला विचारतो आणि दर वेळी चिडतो. कधी वाटतं गोरा टाकून का होईना पण पोरांना चिमूरचं नाव तरी कळू दे. कधी वाटतं असं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं. हे पण तितकं पटत नाही.

औंदा त्या निर्मात्याचा परत फोन आला. म्हटलं पहिला अंक आहे तसा राहील आणि बायकांचा सीन दिसणार नाही, बोल. तो म्हणाला, "एक तरी गोरा द्या ना सर, लहानसा." दिवाळीनंतर बोलू म्हणालो.