एफएमजीई: शेवटच्या महिन्यात पहिले शंभर मार्क

परदेशात एमबीबीएस केलेल्यांना भारतात डॉक्टरकी करायला द्यावी लागणारी परीक्षा म्हणजे एफएमजीई. तिचे मार्क 300, पास व्हायला 150, निगेटिव्ह मार्किंग नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यातले 100 मार्क अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेम (प्रत्येकी 17), पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा (प्रत्येकी 13) आणि फॉरेन्सिक (10) यांचे आहेत, हे मात्र वेळापत्रक आखताना विसरलं जातं. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानला शिकलेल्यांचे हे विषय सुरुवातीच्या वर्षांत होऊन गेलेले असतात. मग महिना राहिला की नोट्स पहिल्या पानापासून उघडायच्या, आणि अॅनाटॉमीतल्या अप्पर लिंबपर्यंत (हात) पोचेस्तोवर आठवडा गेलेला असतो.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, फसगत तिथेच होते. पेपरात पर्याय एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. म्हणून शेवटच्या फेरीत फॅक्ट सुटी पाठ करू नये, तिच्या भावाबरोबर करावी.

रेडियल नर्व्ह घ्या. ‘रेडियल म्हणजे रिस्ट ड्रॉप (मनगट लोंबणं)’ एवढ्यावर थांबलात तर मार्क गेला. अॅक्सिलात (काखेत) इजा झाली तर ट्रायसेप्सही (कोपर सरळ करणारा स्नायू) जातो, कोपर सरळ करता येत नाही. स्पायरल ग्रूव्हमध्ये, म्हणजे ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) शाफ्टच्या फ्रॅक्चरमध्ये, ट्रायसेप्स बहुतांशी वाचतो, कारण त्याच्या शाखा वरच निघालेल्या असतात. रिस्ट ड्रॉप होतो आणि हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, संवेदना जाते. पोस्टिरिअर इंटरऑसिअसला, म्हणजे रेडियलच्या खालच्या शाखेला, इजा झाली तर बोटं लोंबतात, पण मनगट उचलतं, कारण एक्स्टेन्सर कार्पाय रेडिॲलिस लाँगसला (मनगट उचलणाऱ्या स्नायूला) नर्व्ह आधीच मिळालेली असते. त्वचेची संवेदना शाबूत. एका नर्व्हच्या तीन पातळ्या एका कागदावर शेजारी शेजारी लिहायला दहा मिनिटं लागतात. अल्नर आणि मीडियनचंही असंच करा.

बायोकेममध्ये स्टोरेज डिसीजचा (एंझाइम नसल्याने पेशींत पदार्थ साठण्याचे आजार) अख्खा तक्ता घोकणं म्हणजे निव्वळ हमाली. टे-सॅक्स आणि नीमन-पिक, दोन्हींत चेरी रेड स्पॉट (डोळ्याच्या पडद्यावर लाल ठिपका). लिव्हर-स्प्लीन मोठे असतील तर नीमन-पिक (कमी असलेलं एंझाइम स्फिंगोमायलिनेज), नसतील तर टे-सॅक्स (हेक्सोसॅमिनिडेज ए). तसंच ग्लायकोजेन साठण्याच्या आजारांचं. फॉन गिर्केमध्ये उपाशीपोटी साखर उतरते आणि लॅक्टेट वाढतं. मॅकआर्डलमध्ये व्यायामानंतर पेटके येतात, पण लॅक्टेट वाढत नाही. प्रश्न बहुधा या फरकावरच येतो.

फॉरेन्सिकच्या जुन्या नोट्स मात्र सरळ बाजूला ठेवा. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले. पोलीस इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची चौकशी) सीआरपीसी 174 ऐवजी बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) 194, मॅजिस्ट्रेट इन्क्वेस्ट 176 ऐवजी 196. आयपीसी 304अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, आता बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) 106; ग्रीव्हस हर्ट (गंभीर दुखापत) 320 वरून 116 वर गेलं. जुना आणि नवा आकडा जोडीने लिहा, पीवायक्यू (मागच्या वर्षांचे प्रश्न) सोडवताना जुनाच समोर येतो.

पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) या शंभरात नाही, पण एकट्याचे 30 मार्क आहेत आणि बाहेर शिकलेल्यांचं खरं भगदाड इथे असतं. तिकडचं लसीकरण वेगळं. इथे जन्मतः बीसीजी, ओपीव्हीचा झीरो डोस, हेप बी. 6, 10, 14 आठवड्यांना पेंटा (पाच आजारांची एकत्र लस). एमआर (गोवर-रुबेला) 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि 16 ते 24 महिन्यांत.

पीएसएममधल्याच स्क्रीनिंगच्या (आजार हुडकण्याच्या टेस्टच्या) गणितात सूत्र आठवत बसू नका, 1000 माणसं मांडा. आजार 10 टक्के, सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती निगेटिव्ह आले) 90 टक्के. आजारी 100, त्यातले 90 पकडले. निरोगी 900, त्यातले 90 उगीच पॉझिटिव्ह. पीपीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी किती, 180 पैकी 90, म्हणजे 50 टक्के. आता आजार 1 टक्का करा: आजारी 10, पकडले 9, निरोगी 990, उगीच पॉझिटिव्ह 99. पीपीव्ही 108 पैकी 9, जेमतेम 8 टक्के. टेस्ट तीच, प्रिव्हॅलन्स (आजाराचं प्रमाण) घसरला, म्हणून पीपीव्ही घटला. पर्यायांत ‘सेन्सिटिव्हिटी घटते’ असं दिसलं की हात आवरा.

पेपरच्या दोन भागांत प्रत्येकी 150 मिनिटांत 150 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला मिनिट. वरच्यासारखं गणित सरावाने 40 सेकंदांत बसतं. नाहीच बसलं तर अंदाजाने एक पर्याय निवडून पुढे व्हा, रिकामं काही सोडू नका.